दहा बोटे आणि एक अंगठा

ट्रान्सवालमध्ये राहायचे तर भारतीय पुरुषांनी नोंदणी करून दहाही बोटांचे ठसे द्यायचे, नाहीतर हद्दपारी. १९०७ सालच्या या सक्तीशी झगडताना जोहान्सबर्गचे वकील गांधीजी यांनी एडवर्ड हेन्रींचे ठशांवरचे पुस्तकच वाचून काढले. (पद्धतीला नाव हेन्रींचे, पण कलकत्त्यात ती बसवण्यात डोके अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचेही होते.) दाखला ज्याचा त्याचाच आहे ना, हे पाहायला एक अंगठा पुरतो. दहा बोटे लागतात ती नाव लपवणाऱ्याला हजारो नोंदींतून हुडकायला. म्हणजे गुन्हेगाराला.

गांधीजी तुरुंगात गेले. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्सशी तडजोड झाली: ठसे द्यायचे, पण स्वेच्छेने. ही फितुरीच, असे वाटलेल्या मीर आलम व साथीदारांनी १० फेब्रुवारीला नोंदणीला निघालेल्या गांधीजींना काठ्यांनी झोडपले. त्यांनी अंथरुणावरूनच ठसे दिले. कायदा मात्र रद्द झाला नाही, तेव्हा १६ ऑगस्टला मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले कढईत जाळले गेले.

१९१४ च्या इंडियन रिलीफ अ‍ॅक्टने नाताळमधल्या भारतीयांचा अधिवासाचा दाखला निर्णायक पुरावा मानला. त्यावर ठसा होता एका अंगठ्याचा.