हिशेबनीस अर्थचिंतक जे. सी. कुमारप्पा

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडन येथे हिशेबशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत हिशेब-तपासनीस म्हणून व्यवसाय केला. राहणी पूर्णतः पाश्चात्त्य होती. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अध्ययन करीत असता, हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ परकीय सत्तेच्या अर्थनीतीत आहे, हे त्यांना आकड्यांवरूनच उमगले.

१९२९ साली साबरमतीस महात्मा गांधींची भेट झाली व जीवनाला नवी दिशा लाभली. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होताच त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागद, तेलघाणी, हातसडीचे तांदूळ अशा उद्योगांना त्यांनी शास्त्रशुद्ध बैठक दिली.

उपभोग आवरणे हे केवळ वैयक्तिक पुण्य नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. केवळ स्वस्ताई पाहून खरेदी करणारा ग्राहक त्या वस्तूच्या निर्मितीतील शोषणाचाही भागीदार ठरतो. कृत, कारित व अनुमोदित असा हिंसेचा त्रिविध विचार जाणणाऱ्या श्रावकांना हे सहज पटावे. अमर्याद उत्पादनाला कच्चा माल व बाजारपेठ हवी असते. त्यासाठी साम्राज्ये उभी राहतात व युद्धे पेटतात, हे त्यांनी दाखवून दिले.

उपभोग घटल्यास कामगाराच्या पोटाचे काय, या शंकेचे उत्तरही त्यांच्या विचारात आहे. गरजा मर्यादित ठेवाव्यात व ज्या उरतील त्या जवळच्या कारागिराकडून भागवाव्यात, म्हणजे संयमातूनच रोजगार निर्माण होतो.

१९४२ च्या लढ्यानंतर कारावासात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ लिहिला. कोळसा व खनिज तेल हे आटणारे साठे, तर वनस्पती व श्रम हे निसर्गाचे वाहते उत्पन्न, हा भेद त्यांनी मांडला. मुद्दल खाणारी पेढी फार काळ टिकत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर अवजड उद्योगांच्या धोरणाला त्यांनी निर्भयपणे विरोध केला. सत्तेजवळ असूनही ते अकिंचनच राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीदिनीच, त्यांचे देहावसान झाले.

भोगोपभोग-परिमाण व्रताची मर्यादा ताटापुरती व वस्त्रापुरती न राहता दुकानाच्या खरेदीवहीपर्यंत पोहोचावी, हाच या अजैन अपरिग्रहीच्या जीवनाचा बोध होय.