विश्लेषण : समाधान नेमके कशातून मिळते? कान्होजी जेधे यांचे आयुष्य काय सांगते?

जमीन, मानपान आणि भावकी. माणसाचे समाधान हिरावणाऱ्या या तीन गोष्टी मावळाला नव्या नाहीत. भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे यांच्या आयुष्यात या तिन्ही आल्या. वडिलांचा खून वतनाच्या वादात झाला. पुढे वतन आणि प्राण दोन्ही पणाला लागले. अखेरीस मिळालेला मानही दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. तरीही हा माणूस कडवट झाला नाही. मनाची स्वस्थता कशावर टिकते, याविषयी मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत जे मांडले, ते त्यांच्या आयुष्याशी ताडून पाहण्यासारखे आहे.

कान्होजी जेधे कोण होते?

कान्होजी हे रोहिड खोऱ्याचे देशमुख. हे खोरे म्हणजे आजच्या भोर तालुक्यातील रोहिडा किल्ल्याभोवतीचा मुलूख. देशमुखी म्हणजे नुसती पदवी नव्हे. गावांचा वसूल गोळा करणे, त्यातील हक्क घेणे, इनाम जमीन राखणे आणि पदरी माणसे बाळगणे हे सारे तिच्यात येई. वतन हेच उत्पन्न, तीच ओळख आणि तीच पुढच्या पिढ्यांची तजवीज. म्हणून वतनासाठी सख्खे भाऊही एकमेकांच्या जिवावर उठत.

बालपणीचा आघात त्यांनी कसा पचवला?

जेधे घराण्याच्या करीन्यात, म्हणजे जुन्या हकिकतीत, ही कथा येते. कान्होजींचे वडील नाईकजी यांचा खून त्यांच्याच भावांनी केला. तान्ह्या कान्होजीलाही धोका होता. घरच्या विश्वासातील देवजी महाला याने त्याला लपवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोहोचवले. पासलकरांनी त्याला वाढवले, आपली मुलगी सावित्रीबाई दिली आणि कारीचे वतन परत मिळवण्यासाठी पाठीशी उभे राहिले. मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाला आज याच बाजी पासलकरांचे नाव आहे.

अशा मुलांचे पुढे काय होते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास हवाई बेटांपैकी कवाई येथे झाला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तेथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी सक्षम आणि सावरलेली निघाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचे किमान एक मोठे माणूस. ते आईवडीलच असतील असे नाही. आजी, शेजारी, शिक्षक, कोणीही. कान्होजींना अशी दोन माणसे मिळाली.

जीवन-समाधान म्हणजे नेमके काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी १९८४ मध्ये व्यक्तिनिष्ठ सुस्थिती या कल्पनेची मांडणी केली. तिचे तीन भाग आहेत. माणूस आपल्या एकूण आयुष्याकडे पाहून काय ठरवतो, हा पहिला. त्याला आनंददायी भावना किती वेळा येतात, हा दुसरा. त्रासदायक भावना किती वेळा येतात, हा तिसरा. म्हणजे रोज हसतमुख असणे आणि आयुष्याबद्दल समाधानी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कठीण दिवस काढणारा माणूसही आपले आयुष्य सार्थकी लागले असे मानू शकतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी समाधानामागच्या तीन मानसिक गरजा सांगितल्या. निर्णय आपला असावा, आपल्याला काही जमते ही खात्री असावी आणि आपली म्हणावीत अशी माणसे असावीत. पैशाला किंमत नाही, असा याचा अर्थ नाही. पोटाची भ्रांत असताना समाधान टिकणे अवघडच. पण या तीन गरजा उपाशी राहिल्या तर केवळ वाढत्या मिळकतीने ती पोकळी भरत नाही.

१६५९ मध्ये पेच काय होता?

कान्होजी आधी आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या पदरी होते, नंतर शहाजीराजांकडे आले. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजीही अडकले. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात शिवाजी महाराजांच्या साथीला पाठवले. तेथेच राहून महाराजांची साथ द्यायची, असा शब्द कान्होजींनी दिला.

दहा वर्षांनी त्या शब्दाची कसोटी लागली. अफजलखान चालून येत होता. खानाला येऊन मिळावे, असे फर्मान जून १६५९ मध्ये आदिलशहाने कान्होजींना धाडले. ऐकले नाही तर वतन आणि जीव दोन्ही जाणार, हे उघड होते. शेजारचे उत्रोळीचे देशमुख खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र पाच मुलांना घेऊन, फर्मानासह राजगडावर महाराजांपुढे उभे राहिले.

वतनावर पाणी सोडण्याचा निर्णय वेगळा का?

महाराजांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. वतन गमावण्याची भीती असेल तर खोपड्यांप्रमाणे खानाकडे जाण्यास मोकळीक दिली, असे करीना सांगतो. कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. आपण आज सहज वापरतो तो वाक्प्रचार तेथे अक्षरशः घडला. त्यानंतर त्यांनी बांदल, शिळीमकर, पासलकर, मारणे, मरळ अशा मावळच्या देशमुखांना एकत्र बोलावून त्यांचीही साथ मिळवली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली खान मारला गेला आणि जावळीच्या रानात त्याच्या फौजेवर तुटून पडलेल्यांत जेधे होते.

येथे डेसी आणि रायन यांची पहिली गरज दिसते. हाच त्याग दटावून करून घेतला असता तर तो आयुष्यभर सलला असता. मोकळीक असताना केलेली निवड माणूस आपली मानतो आणि तिच्या परिणामांचा भारही अधिक सहज पेलतो. घरासाठी झिजणाऱ्या अनेकांच्या मनात खंत राहते, ती पुष्कळदा कष्टांची नसते. आपल्याला कोणी विचारलेच नाही, याची असते.

खोपडे प्रकरणात काय घडले?

विजयानंतर खंडोजी खोपडे जीव वाचवण्यासाठी कान्होजींच्या आश्रयाला आले. कान्होजींनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि महाराजांनी अभय दिले. पण फितुरीची शिक्षा टळली नाही. खोपडे समोर दिसताच महाराजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडण्याचा हुकूम दिला. कान्होजी दुखावले. जीवदान देण्याचा शब्द पाळला आहे, अशी समजूत महाराजांनी घातली. राग बोलून दाखवण्याइतके आणि तो निवळण्याइतके हे नाते घट्ट होते. अमेरिकेत १९३८ पासून सुरू असलेल्या हार्वर्डच्या दीर्घ अभ्यासातही आरोग्य आणि आनंद यांच्याशी नात्यांच्या गुणवत्तेचा जवळचा संबंध आढळला. चांगल्या नात्यांतही मतभेद होतात. फरक पडतो तो ते मिटतात की नाही, याने.

मानाचे पान सोडणे अवघड का होते?

प्रतापगडाच्या कामगिरीसाठी जेध्यांना दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या माणसांनी प्राण दिले. त्यानंतर पहिले पान बांदलांना देण्याचे ठरले आणि त्यासाठी जेध्यांची संमती घेतली गेली. ती त्यांनी दिली. जेधे आणि बांदल यांच्यात पूर्वी रक्त सांडलेले वैर होते, हे लक्षात घेतले की या संमतीचे वजन कळते.

माणूस स्वतःचे मोल इतरांशी तुलना करून ठरवतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले. या तुलनेत सर्वांत जास्त बोचतो तो आपल्या बरोबरीचा, त्यातही भावकीतला किंवा शेजारचा. दूरचा श्रीमंत फारसा बोचत नाही. पण ज्या कामाला आपण वाहून घेतले, त्याच कामासाठी दुसऱ्याने जास्त किंमत मोजली हे मनाने मान्य केले, तर त्याचा मान म्हणजे आपली हार ठरत नाही. तुलना संपत नाही, पण तिची धार जाते.

आजच्या वाचकाने यातून काय घ्यावे?

त्याग केला की सुख मिळते, इतका सोपा निष्कर्ष येथे नाही. शत्रू जिंकला असता तर जेध्यांचे घर उद्ध्वस्त झाले असते. धडा वेगळा आहे. बांधाचा वाद, वाटणीपत्र, लग्नातला मान अशा प्रसंगी तीन प्रश्न स्वतःला विचारता येतात. हा निर्णय माझा आहे की भीतीचा? यात माझी माणसे जोडली जातात की तुटतात? आणि दहा वर्षांनी मागे वळून पाहताना मी तो मान्य करेन का?

भोरजवळ आंबवड्याला नागेश्वराच्या मंदिर परिसरात कान्होजींची समाधी आहे. प्रतापगडावर महाराजांवरचा वार अडवणाऱ्या जिवा महालाची समाधीही तेथेच आहे. भावकीच्या खुनातून वाचलेले ते तान्हे मूल अखेर आपल्या माणसांच्या सोबतीला विसावले.