नाणी लावता लावता युगं लावणारे थॉमसेन

पाचवीच्या परिसर अभ्यासात अश्मयुग येतं. पुढे कांस्ययुग, लोहयुग ही नावं येतात. मुलं पाठ करतात, आपणही पाठ करून घेतो. पण एका संग्रहालयात वस्तू कशा मांडायच्या या अडचणीतून ही विभागणी पक्की झाली, आणि ती करणारा माणूस विद्यापीठात शिकलेला नव्हता, हे मला डीएड होऊन बरीच वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

ख्रिश्चन युर्गेनसेन थॉमसेन यांचा जन्म १७८८ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला झाला. वडील श्रीमंत व्यापारी. मुलानं पेढीवर बसावं असं ठरलेलंच होतं आणि ते बसलेही. पण लहान वयातच त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद लागला. नाणी जमवणं सोपं, लावणं अवघड. ज्यावर राजाचं नाव किंवा साल आहे ते नाणं लगेच जागेवर जातं. ज्यावर काहीच वाचता येत नाही त्याचं काय? मग धातू बघायचा, अक्षरांचं वळण बघायचं, चित्राची ढब बघायची आणि कोणत्या नाण्याशी जुळतं ते शोधायचं. थॉमसेन यांची नजर इथंच तयार झाली.

तिकडं सरकारी समितीनं देशभरातून जुन्या वस्तू गोळा केल्या होत्या. दगडी कुऱ्हाडी, तलवारी, मडकी, दागिने, सगळं एकत्र. कोणती वस्तू आधीची आणि कोणती नंतरची, कुणालाच सांगता येईना. १८१६ साली हे काम थॉमसेन यांच्याकडं आलं, तेही बिनपगारी. पेढी सांभाळून ते करायचं.

त्यांनी नाण्यांचीच युक्ती इथं वापरली. दगड, कांसं आणि लोखंड असे तीन काळ मानले. ही कल्पना त्यांच्या आधीही काहींनी मांडली होती, पण पुराव्यानं वस्तू लावून कुणी दाखवली नव्हती. आणि फक्त धातूवरून ढीग केले असते तर फसगत झाली असती, कारण लोखंड आल्यावरही लोक कांशाचे दागिने घालतच होते. म्हणून एकाच थडग्यात कोणत्या वस्तू बरोबर सापडल्या हे ते बघत. आकार, नक्षी, सोबतच्या वस्तू हे सगळं जुळलं की मग जागा ठरायची.

(मागच्या वर्षी मी वर्गात चिल्लर आणली आणि सालावर चिकटपट्टी लावली. मुलांनी मोठा रुपया आधीचा की छोटा, यावर तास संपेपर्यंत भांडण केलं. तुम्हीही करून बघा, जुने चार आणे मिळाले तर उत्तमच.)

१८१९ मध्ये ट्रिनिटॅटिस चर्चच्या माळ्यावर संग्रहालय लोकांसाठी उघडलं. थॉमसेन स्वतः उभे राहून माहिती द्यायचे, आणि शेतकऱ्यांनाही तितक्याच आस्थेनं. यात व्यवहारही होता. नांगराच्या फाळाला वस्तू लागते ती शेतकऱ्याच्याच. त्याला तिचं मोल कळलं नाही तर ती फुटणार, नाहीतर सोनाराच्या मुशीत जाणार. पाटीवर चार ओळी लिहून मोकळं होणारे आपल्याकडचे काही प्रदर्शनवाले मला इथं आठवतात, असो.

संग्रह वाढत गेला, तसा तो पुढे क्रिश्चनबोर्ग राजवाड्यात हलवला. १८३६ साली संग्रहालयाची मार्गदर्शिका निघाली. त्यातला थॉमसेन यांचा लेख वाचून तिन्ही काळांचा क्रम घरबसल्या समजत होता. पुढच्याच वर्षी जर्मन आणि १८४८ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं, आणि इतर देशांतले संग्रहालयवालेही आपापले ढीग तसेच लावू लागले. राजाच्या नाणेसंग्रहाचं कामही थॉमसेन यांच्याकडं होतं.

१८६५ साली ते वारले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली स्वतःची नाणी इतकी होती, की त्यांची छापील सूची नंतर अनेक भागांत काढावी लागली.