चित्रमहर्षींची काळोखी खोली

गिरगावातील 'कॉरोनेशन' चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' झळकला. पडद्यावर प्रेक्षकांनी जे पाहिले, त्याचा मोठा भाग दादरच्या एका घरातील काळोख्या खोलीत हातांनी घडला होता. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या कॅमेऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या खोलीच्या वाट्याला मात्र चार ओळीच आल्या.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. पुढे छायाचित्रण झाले, छपाई झाली, जादूचे प्रयोगही झाले. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना दुसरे काही सुचेना. दिवसरात्र चित्रपट पाहणे, प्रयोग करणे आणि जेमतेम झोप, असा क्रम सुरू झाला. अखेर डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दृष्टीच हरपली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली, म्हणून पुढचे सारे घडले.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले व एप्रिलच्या प्रारंभी ते मायदेशी परतले. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीतील वाटाण्याची वाढ महिनाभर टिपून त्यांनी 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा चित्रपट केला.

मग सुरू झाली काळोखातली मजुरी. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना येई. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती बसावी, यासाठी घरीच छिद्रे पाडावी लागत. हे काम प्रामुख्याने सरस्वतीबाई फाळके यांनी केले. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. फुटाला प्रत्येक कडेने ६४ छिद्रे, म्हणजे एका प्रतीसाठीच सुमारे पावणेपाच लाख! दिवसा उन्हात चित्रीकरण, रात्री छिद्रे आणि फिल्म धुणे. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने तर आधीच गहाण पडले होते.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील एक गाळणकाच काढली, की अवरक्त दिव्याच्या अदृश्य प्रकाशात तो काळोखातही चित्र टिपतो. फाळके यांच्या काळातील फिल्मला साधा लाल रंगही जवळजवळ दिसत नसे. हे तिचे वैगुण्य, पण अशा खोल्यांना तेच सोयीचे. मंद लाल दिव्यात ती हाताळता येई. पडद्यावर मात्र तांबडे लुगडे काळे दिसे. तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके यांच्या वेशभूषेचा विचार करताना हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९१३ मध्येच फाळके नाशिकला गेले. 'लंकादहन' (१९१७) प्रचंड गाजला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. बोलपटाच्या युगात मात्र त्यांचे जमले नाही. 'गंगावतरण' (१९३७) अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. दादरच्या ज्या रस्त्यावर त्यांचे ते घर होते, तो आता दादासाहेब फाळके मार्ग आहे.