घर नसलेल्या संताने घराघराला दिलेली आरती

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडते. अंधेरी-बोरिवलीच्या चाळींतून, मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींतून झांजांचा नाद उठतो, कापूर पेटतो आणि घराघरांतून एकच आरती घुमू लागते. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ मुखोद्गत नाही असे मराठी घर विरळाच! परंतु ती रचणाऱ्या समर्थ रामदासस्वामींनी स्वतःचा संसार कधी मांडला नाही. आजच्या मंगलदिनी त्याचेच स्मरण आम्हांस करावेसे वाटते.

समर्थांचे मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. इ. स. १६०८ मध्ये रामनवमीस मराठवाड्यातील जांब गावी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी विवाहमंडपात ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते निघून गेले, असे चरित्रकार सांगतात. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या आणि पुढे बारा वर्षे तीर्थाटन घडले. याच काळात, १६३० साली, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. उजाड गावांचे आणि अन्नान्न झालेल्या माणसांचे दुःख त्यांच्या काव्यात उमटले आहे. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. चाफळास राममंदिर उभारले, गावोगावी मारुती स्थापिले आणि दासबोधाची रचना केली.

मोरगावच्या मयूरेश्वराच्या दर्शनाने त्यांना ही आरती स्फुरली, असे परंपरा मानते. आरंभी तीत विघ्नहर्त्याचे गुणगान आणि रत्नजडित रूपाचे वर्णन येते. शेवटी मात्र कवी स्वतः पुढे येतो. रामाचा हा दास घरी बसून देवाची वाट पाहत आहे, आणि संकटकाळी धावून येण्याची विनवणी करीत आहे. गाण्याच्या भरात आपण ‘संकटी’चे ‘संकष्टी’ करतो. त्यामुळे आर्त हाक हरवते आणि उपवासाची तिथी तेवढी उरते!

ज्याने विवाहमंडप सोडला, त्याने घरातली प्रतीक्षा शब्दांत बांधावी, हे आम्हांस विलक्षण वाटते. अन्नाविना ओस पडलेली घरे ज्याने पाहिली, त्यालाच भरल्या घराचे मोल कळले असावे. १६८२ साली माघ वद्य नवमीस सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. त्यांची ती प्रतीक्षा मात्र आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही दरवर्षी नव्याने जागते.

आज आरतीचे शेवटचे कडवे घाईने आटोपू नये. ते सावकाश, अर्थ मनात धरून म्हणावे. देव पाटावर बसलेलाच आहे. त्याला आपली हाक ऐकू जावी, एवढेच आपल्या हाती आहे.