टिळकांचा कायदा व एक मृत्युपत्र

वारसाचा प्रश्न वेळीच न सोडविल्यास काय अनर्थ होतो, हे चांदा-गडचिरोलीच्या मुलखास निराळे सांगावयास नको. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले औरस पुत्र नसता व दत्तक न घेता वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने चांद्यासकट सारे राज्य खालसा केले. राज्याची जी गत, तीच दुकानाची व शेतीवाडीची. म्हणून लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक भाग आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीस झाला. १८७२ साली पितृछत्र हरपले. १८७६ साली डेक्कन कॉलेजातून बी. ए. होऊन ते कायद्याकडे वळले व १८७९ साली एल्एल्. बी. झाले. परीक्षेपुरत्या पुस्तकांवर न थांबता हिंदु धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ त्यांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासिले. वकिलीचा धंदा मात्र केला नाही. शाळा व वर्तमानपत्र हीच त्यांची कर्मभूमी. तथापि पुण्यात कायद्याचा वर्ग चालवून त्यांनी पुष्कळ वकील तयार केले.

या विद्येची खरी कसोटी १८९७ साली लागली. राजद्रोहाच्या खटल्यात टिळक जामिनावर सुटले असता पुण्याचे सरदार बाबामहाराज पटकीने आजारी पडले. ७ ऑगस्ट रोजी, मृत्यूच्या दिवशीच, त्यांनी मृत्युपत्र करून टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे इत्यादिकांवर दौलतीचा भार टाकिला. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास अगर न जगल्यास दत्तक घ्यावा, असे त्यात होते. झालेला मुलगा अल्पावधीतच गेला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तविधान झाले. परंतु ऑगस्टात ताईमहाराजांनी दुसराच मुलगा दत्तक घेतला, आणि तंटा पेटला. खोट्या साक्षीचा आरोप येऊन टिळकांस शिक्षाही झाली. ती हायकोर्टाने १९०४ साली रद्द केली. दिवाणी दावा १९१० साली हायकोर्टात विरुद्ध गेला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलाने त्यांचा पक्ष खरा ठरविला. दुसऱ्याच्या विश्वासासाठी त्यांनी आयुष्याची अठरा वर्षे खर्चिली! १ ऑगस्ट १९२० रोजी ते निवर्तले.

टिळकांची निष्ठा वंदनीय खरी. पण मूळ दोष कोठे होता? मृत्युपत्र मरणशय्येवर झाले, आणि जिच्या संसाराचा तो प्रश्न, त्या तरुण विधवेस त्या काळच्या कायद्याने पुरता हक्क दिला नव्हता. १९५६ च्या कायद्याने विधवेस व २००५ च्या दुरुस्तीने मुलीस हक्क मिळाला; तरी तो कायदा अनुसूचित जमातींस लागू नाही, तेथे रूढीच चालते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. आणि पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो.

आमच्या व्यापारी बंधूंनी धडधाकट असतानाच, घरच्या स्त्रियांस विश्वासात घेऊन, दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. आणि कायदा शिकणाऱ्या तरुणांनी टिळकांप्रमाणे हा विषय मुळापासून शिकून येथील गावोगावी तो समजावून द्यावा. ही देशसेवाच होय.