विसाव्या वर्षी थकलेला मिल

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जॉन स्टुअर्ट मिल भेटतो तो बहुधा परीक्षेतल्या टिपेपुरता. बेंथमचा उपयुक्ततावाद, त्यात मिलने केलेली दुरुस्ती, व्यक्तिस्वातंत्र्य, प्रातिनिधिक शासनसंस्था. एवढे मुद्दे पाठ झाले की मिल संपला असे आपण समजतो. पण या मनुष्याने एक आत्मचरित्र लिहून ठेवले आहे आणि त्यातले पाचवे प्रकरण कोणत्याही अभ्यासक्रमात नसले तरी आपल्या वयाच्या प्रत्येकाने वाचावे असे मला फार वाटते. विसाव्या वर्षी आपले मन कसे एकाएकी बंद पडले याची हकीकत त्यात आहे. त्याच्या ग्रंथांविषयी प्राध्यापक वर्गात सांगतातच. मी या लेखात त्या एका हिवाळ्याविषयी आणि त्याच्या मागच्यापुढच्या आयुष्याविषयी लिहिणार आहे.

प्रथम त्याच्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. जेम्स मिल हे स्कॉटलंडमधल्या जोडे शिवणाऱ्या एका कारागिराचे चिरंजीव. हुशार मुलगा म्हणून सर जॉन स्टुअर्ट नावाच्या जमीनदाराने त्यांना हात दिला आणि ते एडिंबरो विद्यापीठात शिकले. त्या उपकाराची आठवण म्हणूनच त्यांनी आपल्या थोरल्या मुलाचे नाव जॉन स्टुअर्ट ठेवले. शिकून ते लंडनला आले आणि लेखणीवर पोट भरू लागले. १८०६ साली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला, आणि त्याच वर्षी, २० मे रोजी, हा मुलगा जन्मला. पुढे मुलांची संख्या नऊ झाली. मिळकत बेभरवशाची. अशा संसारात दहा-अकरा वर्षे खपून त्यांनी तो इतिहास पुरा केला. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते, ही गोष्ट आपण विसरू नये. पण त्यांच्या चिकाटीला मात्र नमस्कारच केला पाहिजे.

जो माणूस स्वतः तळातून वर चढून आलेला असतो, त्याला आपल्या मुलाचा एकही दिवस वाया गेलेला बघवत नाही. जेम्स मिल यांनी मुलाला शाळेत घातलेच नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू झाले. कागदाच्या तुकड्यांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून ते पोराकडून पाठ करून घेत. पोराला वापरता येईल असा शब्दकोश नव्हता, म्हणून वडील ज्या टेबलावर इतिहास लिहीत त्याच टेबलावर मुलगा बसे आणि दर अडलेल्या शब्दाला त्यांना विचारी. मुळात तापट असलेले जेम्स मिल प्रत्येक वेळी लेखणी थांबवून अर्थ सांगत. आठव्या वर्षी लॅटिन आले आणि लगेच धाकट्या भावंडांना शिकवण्याचे कामही अंगावर पडले. सकाळी न्याहारीपूर्वी बापलेक फिरायला जात; आदल्या दिवशी जे वाचले त्याच्या चिठोऱ्या हातात धरून मुलगा वडिलांना हिशेब देत चाले. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. सुट्टी नाही, कारण सुट्टीने कामाची सवय मोडते. सवंगडी नाहीत, कारण ते बिघडवतात. आणि भावनांचा आवेग म्हणजे एक प्रकारचे वेडच, अशी वडिलांची ठाम समजूत.

हे वाचून जेम्स मिल यांना निर्दय म्हणणे सोपे आहे. मला ते तितके सोपे वाटत नाही. सुगीच्या दिवसांत मी घरी गेलो तरी माझे वडील मला विळ्याला हात लावू देत नाहीत. मी पुस्तक घेऊन बसावे असे त्यांना वाटते. त्यांना स्वतःला सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही. त्यांच्या त्या वागण्यात माया किती आहे हे मला कळते, आणि त्या मायेला वजन किती आहे हेही कळते. आमच्या वर्गात असे वजन घेऊन बसलेली मुले-मुली थोडी नाहीत.

जॉनची बुद्धी त्या वजनाखाली मोडली नाही, उलट तरारली. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याने बेंथमचे विचार वाचले आणि त्याला आयुष्याचे ध्येय सापडले: जग सुधारायचे, जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधायचे. १८२३ साली, सतरा वर्षे पुरी होताच, तो लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत वडिलांच्या हाताखाली लागला. पुढल्या तीन वर्षांत या पोराने काय काय केले पाहा. कचेरीचे काम होतेच. त्याखेरीज बेंथमने पुराव्याच्या कायद्यावर तीन निरनिराळ्या वेळी लिहिलेली बाडे त्याने एकत्र जुळवली; त्यांचे पाच जाड खंड १८२७ साली निघाले. नियतकालिकांत लेख. वादसभेत भाषणे. जर्मन भाषा. आठवड्यातून दोन दिवस सकाळी साडेआठ वाजता ग्रोट या मित्राच्या घरी जमून अर्थशास्त्र आणि तर्कशास्त्र यांचा कीस पाडायचा आणि दहाला कचेरी गाठायची. तेव्हा तो आपल्याहून एक-दोन वर्षांनीच मोठा होता.

१८२६ च्या शरद ऋतूत एक दिवस त्याने मनाशी एक साधा प्रश्न विचारला. समजा, ज्या सुधारणांसाठी मी झटतो आहे त्या सर्व या क्षणी पुऱ्या झाल्या, तर मला आनंद होईल काय? आतून स्पष्ट उत्तर आले की होणार नाही. त्या उत्तराने त्याचा पायाच खचला. ज्याच्यासाठी धावायचे तेच गोड वाटेनासे झाले, तर मग धावायचे कशाला?

रात्रभर झोपल्यावर ही मरगळ जाईल असे त्याला वाटले, गेली नाही. आवडती पुस्तके उघडली. ती कोरडी लागली. तरी काम थांबले नाही, हे विशेष. तो कचेरीत जात होता, लिहीत होता, वादसभेत बोलतही होता. पण हे सगळे नुसत्या सवयीने. त्या वर्षी आपण तिथे काय बोललो हे पुढे त्याला आठवतही नव्हते. बाहेरून बघणाऱ्याला काही कळावे असे त्यात नव्हते. हे अशा थकव्याचे लक्षण मला सर्वांत भयंकर वाटते. गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहातला एक मित्र परीक्षा आठ दिवसांवर आली असताना वळकटी बांधून गावी निघून गेला. आदल्या दिवसापर्यंत तो आमच्याबरोबर मेसमध्ये जेवत होता, हसत होता, वह्याही पुऱ्या होत्या.

मिलने कोणाला सांगितले नाही. सांगावे असा जिवलग त्याच्याजवळ नव्हता. आणि ज्या वडिलांकडे प्रत्येक अडलेला शब्द नेण्याची तीन वर्षांचा असल्यापासून सवय, त्यांच्याकडे हे नेणे तर सर्वांत अशक्य. ही सारी घडण त्यांचीच. ती फसली असे सांगून त्यांना दुःख द्यायचे, आणि त्यांच्यापाशी त्यावर इलाज तर नाही, असा त्याने विचार केला. असे फार तर वर्षभर जगता येईल, त्यापुढे नाही, असे त्याला वाटू लागले.

त्याला पुढे ओळखणाऱ्या आणि त्याच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या अलेक्झांडर बेनने अतिश्रम हेच या दुखण्याचे कारण धरले आहे. ते मला अर्धेच पटते. श्रम अफाट होते यात शंका नाही. पण बरा झाल्यावरही मिलने काही कमी काम केलेले नाही. त्याचे स्वतःचे निदान वेगळे होते. प्रत्येक गोष्ट सुटी करून तपासण्याची सवय त्याला लहानपणापासून लावलेली होती, आणि त्या सवयीने आतला ओलावाच शोषून घेतला, असे त्याला वाटले. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर विहीर पुरुषभर खोल बांधून काढली, मोट जुंपली, पण झरा लागला होता की नाही हे कोणी पाहिलेच नाही.

झरा लागला तो एका फ्रेंच पुस्तकात. मार्मोंतेल नावाच्या लेखकाच्या आठवणी तो असाच चाळत होता. त्यात या लेखकाचे वडील वारतात, घर उघडे पडते, आणि तो मुलगा, अजून पोरच असताना, यापुढे तुमच्यासाठी सर्व काही मी होईन असा धीर घरच्यांना देतो, असा प्रसंग आहे. तो वाचताना मिलच्या डोळ्यांतून पाणी आले. आपण रडू शकतो, म्हणजे आपण दगड झालेलो नाही, एवढ्यानेच त्याच्या छातीवरचे ओझे हलके झाले. या प्रसंगात बाप मरतो, यावर नंतरच्या अभ्यासकांनी मानसशास्त्राच्या आधारे पुष्कळ तर्क लढवले आहेत. असतीलही ते खरे. मला मात्र वाटते की त्याला हलवले ते त्या मुलाने. अखिल मानवजातीच्या सुखाचा हिशेब मांडणाऱ्या मिलला, चार रडणाऱ्या माणसांना जवळ घेणारा एक पोरगा दिसला.

याचा अर्थ दुसऱ्या दिवशी सगळे ठीक झाले असा नव्हे. ते दुखणे पुन्हापुन्हा उलटले, कधी महिनेच्या महिने राहिले. पण पहिल्याइतके खोल कधीच गेले नाही. या काळात त्याने संगीत ऐकले. वेबरच्या ‘ओबेरॉन’ने त्याला आनंद दिला, पण तिथेही तर्कशास्त्री आडवा आला: सूर मोजकेच, तेव्हा त्यांच्या सुंदर रचना एक दिवस संपतील, ही चिंता त्याला खरोखरच छळू लागली! बायरन वाचला, तर त्याचे रडगाणे आपल्यासारखेच. त्याने उतार पडेना. मग १८२८ साली वर्डस्वर्थ हाती आला. डोंगर मिलला पूर्वीपासून आवडत. चौदाव्या वर्षी फ्रान्सला गेला असताना त्याने पिरेनीज पर्वत पाहिले होते. वर्डस्वर्थमध्ये डोंगर होते, पण त्याबरोबर ते पाहणाऱ्या मनाची शांती होती, आणि ती शांती कष्टकरी, सामान्य माणसालाही मिळण्याजोगी होती. जग सुधारून झाल्यावरही जो आनंद उरेल तो त्याला इथे दिसला. वर्डस्वर्थ सर्वांत थोर कवी नाही हे तो जाणून होता. पण औषध म्हणून तोच लागू पडला. १८३१ साली तो वर्डस्वर्थला प्रत्यक्ष भेटूनही आला.

सुखाविषयीचे त्याचे मतही येथे पालटले. सुख हेच आयुष्याचे माप, हे त्याने सोडले नाही. पण नेम धरून त्याच्यामागे लागले तर ते हाती येत नाही, मन दुसऱ्या कशात तरी गुंतलेले असताना ते वाटेत भेटते, असे त्याला अनुभवाने कळले.

एक गोष्ट आपल्याला विचित्र वाटेल. ज्या कचेरीच्या कामाला आपण रटाळ म्हणू, ते त्याला विसाव्यासारखे वाटे. दहा ते चार हिंदुस्थानकडे जाणारे खलिते तयार करायचे. डोक्यातल्या मोठ्या प्रश्नांना तेवढा वेळ सुट्टी. ही नोकरी त्याने पस्तीस वर्षे, १८५८ पर्यंत केली. तिच्यातला बराच काळ हिंदी संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार त्याच्याकडे होता. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या या तत्त्ववेत्त्याला आपल्या देशावरचे कंपनीचे राज्य मात्र योग्य वाटत होते, हे मला खटकते आणि खटकत राहील. आगरकरांनी त्याच्याकडून विचारस्वातंत्र्य तेवढे उचलले आणि ते आपल्या समाजाकडे वळवले. असो.

१८३६ साली वडील वारले. मिल पुन्हा आजारी पडला, रजा घेऊन परदेशी हिंडून आला. त्या आजारातून एका डोळ्यावरचा स्नायू सारखा फडफडण्याची खोड लागली ती जन्मभर राहिली. १८५८ साली पत्नी हॅरिएट आव्हिन्योला वारली, तेव्हा लग्नाला अवघी सात वर्षे झाली होती. त्याने तिच्या थडग्याजवळच घर घेतले, वर्षातले कित्येक महिने तो तिथे राहू लागला, आणि दोघांनी मिळून घडवलेला स्वातंत्र्यावरचा निबंध १८५९ साली प्रसिद्ध केला. १८६७ साली पार्लमेंटमध्ये स्त्रियांना मताधिकार द्यावा म्हणून त्याने दुरुस्ती मांडली. ७३ मते पडली, दुरुस्ती बारगळली. पण एवढी तरी पडली याचे त्याला समाधानच वाटले.

एक छंद त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. मैलोगणती पायी हिंडून रानटी झाडे-फुले गोळा करायची, वाळवून त्यांची नावे लिहून ठेवायची. त्यातून ना जग सुधारायचे होते, ना कोणाला हिशेब द्यायचा होता. १८७३ च्या मे महिन्यात आव्हिन्योला तो वारला, त्याच्या काही दिवस आधीही तो असाच लांब पायपीट करून वनस्पती जमवून आला होता. त्या हिवाळ्याची हकीकत असलेले आत्मचरित्र त्याच वर्षी, त्याच्यामागे छापून निघाले. ज्यांना ती कधी सांगता आली नाही, ते जेम्स मिल जाऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती.